नाल्याचं पाणी, फुलांचं वावर आणि आपली काळी जमीन



नागपूरच्या उत्तरेला जरीपटका म्हटलं की आज दुकानांची रांग आणि चेटीचंडची मिरवणूक आठवते. १९४७ नंतर सिंधमधून आलेली निर्वासित कुटुंबं इथे वसली आणि मोठी वस्ती उभी राहिली. आजूबाजूचा नारा, नारी, मानकापूर हा मुलूख मात्र मूळचा शेतीचा. काळी जमीन, मधूनमधून विहीर आणि गोरेवाड्याकडून येणारी पिवळी नदी. लोक तिला पिली नदी म्हणतात. ही नदी उत्तर नागपूर ओलांडून पूर्वेला पारडीच्या पुढे नाग नदीला मिळते. नाग पुढे कन्हानला आणि कन्हान वैनगंगेला मिळते. नागपूरचं सांडपाणी याच वाटेने जातं, आणि या वाटेवर ज्यांची वावरं आहेत त्यांच्यापैकी बरेच जण ते पाणी पिकाला देत आले आहेत. त्यांच्यासाठी, त्यातही फुलं लावणाऱ्यांसाठी, हा थोडा इतिहास लिहिला आहे.

नागपूरला फुलांची कमतरता कधी नव्हती. देवगडच्या गोंड राजा बख्त बुलंदाने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला हे शहर वसवलं. पुढे भोसल्यांची राजधानी झाली तेव्हा तुळशीबाग, महाराजबाग, तेलंगखेडी अशा बागा आणि तलाव झाले. आजही दसऱ्याला झेंडूला जो उठाव असतो तो सांगायला नको. त्याच दिवशी दीक्षाभूमीवर लाखो माणसं येतात. १९५६ पासून नागपूरच्या दसऱ्याला हे दुसरं मोठं निमित्त मिळालं. ताजबागेत गुलाबाच्या चादरी चढतात, लग्नसराईत शेवंती आणि निशिगंध लागतो. फुलं नाशवंत आहेत, म्हणून शहराजवळच्या शेतकऱ्याला त्यात फायदा असतो. पण शहराजवळ राहायचं म्हणजे शहराचं पाणीही पदरात येतं.

आता नीट लक्ष द्या. पिवळी काय किंवा नाग काय, या मुळात बारमाही नद्या नव्हत्या. पावसाळ्यात वाहायच्या, हिवाळ्यात रोडावायच्या आणि वैशाखात डबकी उरायची. शहराला आधी अंबाझरी तलावाचं पाणी होतं, मग १९११-१२ च्या सुमारास गोरेवाडा तलाव झाला, पुढे कन्हानचं पाणी आलं आणि १९८० च्या दशकापासून पेंचचं. नळाने आलेल्या शंभर लिटरांतले साधारण ऐंशी लिटर सांडपाणी होऊन बाहेर पडतात, असा हिशेब अभियंते धरतात. नळ वाढले तसे नाले बारमाही झाले. जे पाणी एरवी पेंचच्या कालव्याने वावरात गेलं असतं, त्यातलं बरंचसं शहराच्या मोऱ्यांतून फिरून, साबण आणि मैला घेऊन, शहराच्या खालच्या अंगाला शेतकऱ्यापुढे आलं. नाल्यावर पंप लावणाऱ्याला दोष देणं सोपं आहे. चांगलं पाणी वर अडवलं गेल्यावर त्याने काय करायचं, हे मात्र कोणी सांगितलं नाही.

शहरातली घाण शेतात घालणं ही काही आजची गोष्ट नाही. सोनखत हा शब्दच पाहा. पुण्याच्या मैल्याचं खत गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात आसपासचे ऊसवाले पैसे देऊन नेत. आधी विटाळ म्हणून नाक मुरडलं, नंतर ऊस पाहिला आणि मागणी वाढली. इंग्रज सरकारने पाठवलेले डॉ. व्होल्कर यांनी हिंदुस्थानच्या शेतीवर १८९३ साली अहवाल दिला. शहरी खत वाया जाऊ नये, असं त्यांचंही म्हणणं होतं. पुढे पुण्याचं सांडपाणी भैरोबा नाल्याजवळून उपसून हडपसर-मांजरीच्या अंगाला पिकांसाठी वापरलं गेलं. कलकत्त्याला धापा भागात भाजीपाला आणि पूर्वेच्या भेड्यांत मासळी, दोन्ही शहराच्या सांडपाण्यावरच वाढली.

आपल्याकडे जोर आला तो विजेचा पंप आल्यावर. मोटेने नाल्याचं पाणी वर काढायला माणूस सहसा धजत नाही. पाच अश्वशक्तीचा पंप कोणाचीही पर्वा न करता ओढतो. त्यातच १९७२ चा दुष्काळ आला आणि पाठोपाठ १९७३-७४ मध्ये तेलाच्या भाववाढीने रासायनिक खतं महागली. नाल्याच्या पाण्यात खत फुकट मिळतं, हे शेतकऱ्याला कोणी शिकवावं लागलं नाही. त्याच्या डोळ्याला दिसत होतं.

आणि ते खोटंही नाही. हिशेब करून पाहू. घरगुती सांडपाण्यात लिटरमागे ३० मिलिग्रॅम नत्र असणं नेहमीचं आहे. एका एकराला हंगामात दोन-दोन इंचांच्या आठ पाळ्या दिल्या, तर सुमारे १६ लाख लिटर पाणी जातं. त्यात ४८ किलो नत्र झालं, म्हणजे युरियाच्या दोन गोण्यांहून जास्त. झेंडूला हेक्टरी साधारण १०० किलो नत्र सांगतात, म्हणजे एकरी ४०. पाण्यातूनच ते पूर्ण होतं. त्यावर सवयीने युरिया टाकला की झाड नुसतं पाल्याने माजतं, कळी उशिरा धरते, खोड मऊ राहतं, वाऱ्याने लोळतं आणि मावा जास्त येतो. दसऱ्याचा बाजार आठ दिवसांनी चुकला तर झेंडूची किंमत काय राहते, ते तुम्हाला ठाऊक आहे.

हा झाला पहिला हिशेब. दुसरा कोणी करत नाही. पाण्याची क्षारता १ असेल (अहवालात आता डेसिसायमन लिहितात, जुने लोक मिलीमोज म्हणत, आकडा तोच), तर लिटरमागे सुमारे ६४० मिलिग्रॅम क्षार असतात. त्याच १६ लाख लिटरांतून एकरी एक टन क्षार वावरात जातो. बैलगाडीने आणून टाकला असता तर शेजारी विचारायला आला असता. पाण्यातून येतो म्हणून कोणाला दिसत नाही.

नागपूरलाच १९५८ साली सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची केंद्रीय संशोधन संस्था निघाली. १९७४ पासून तिला आपण नीरी म्हणून ओळखतो. या संस्थेने देशातल्या सांडपाण्यावरच्या शेतांचा अभ्यास केला, पिकं वाढवून पाहिली आणि तिथे राबणारी माणसंही तपासली. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला झालेल्या त्या तपासणीत सांडपाण्याच्या शेतावर काम करणाऱ्या शंभर मजुरांत सुमारे ७० जणांच्या पोटात आकडीकृमी सापडले. इतर शेतांवरच्या मजुरांत हे प्रमाण ३३ च्या आसपास होतं. आकडीकृमी उघड्या पायातून शिरतो. फुलं तोडायला बाया पहाटे ओल्या सरीत अनवाणी उतरतात, हे इथे सांगून ठेवतो. फुलं कोणी खात नाही म्हणून नाल्याचं पाणी चालतं, असं म्हणणाऱ्यांच्या ध्यानात या बाया सहसा येत नाहीत. शिवाय गुलाबाचा गुलकंद होतो, आणि झेंडूच्या पाकळ्या अंड्याच्या बलकाला रंग यावा म्हणून कोंबडीच्या खाद्यात जातात. तेव्हा फूल अगदीच खाण्याबाहेरचं आहे, असंही नाही.

परदेशात याचा फार जुना अनुभव आहे. पॅरिसने १८७० च्या आसपास शहराचं सांडपाणी शेतांवर सोडायला सुरुवात केली, बर्लिनने १८७६ साली. भाजीपाला भरपूर आला, पाहायला दूरदूरचे लोक आले. बर्लिनला तर जमिनीला पाळीपाळीने विश्रांती द्यायचीही सोय होती, कारण सतत मैलापाणी दिलं की मातीची भोकं बुजतात, हवा खेळत नाही आणि जमिनीला वास येतो. याला तिकडे जमीन आजारी पडली असंच म्हणत. शंभर वर्षांनंतर मोजलं तेव्हा वरच्या थरात जस्त, शिसं, तांबं, कॅडमियम साठलेलं निघालं. पॅरिसजवळच्या पियरले भागात २००० सालाच्या सुमारास भाजीपाला पिकवून विकायला बंदी झाली. तिथल्या हजार हेक्टरांहून जास्त जमिनीवर २०१९ पासून जंगल लावायचं काम सुरू झालं. सुपीक म्हणून नाव मिळवलेली जमीन होती ती.

आपल्या काळ्या जमिनीत मात्र गोष्ट थोडी वेगळी घडते. आपल्या मातीत चुनखडी असते, सामू साडेसात-आठच्या पुढे असतो आणि चिकणमाती भरपूर. अशा मातीत शिसं, जस्त घट्ट बांधलं जातं, झाडाला सहजी मिळत नाही. ही आपल्या बाजूची गोष्ट. पण एकदा आलेला धातू परत जात नाही, तो वरच्या वीतभर थरात राहतो. पूर्वीच्या सोनखतात राख, शेण, मैला असे. आताच्या नाल्यात मुलामा देणाऱ्या कारखान्यांचं पाणी, बॅटरीचं आम्ल, गॅरेजचं तेल हे सगळं येऊ शकतं. म्हणून आजोबांनी वापरलं तर मी का नको, हा युक्तिवाद आता लागू पडत नाही. आजोबांचं पाणी निराळं होतं.

आपल्याला जवळचा धोका आहे तो सोडियमचा. मीठ, साबण, कपड्यांची पावडर या सगळ्यातून सोडियम येतो. काळ्या मातीचे कण चुन्यातल्या कॅल्शियममुळे एकमेकांना धरून असतात. भुसभुशीत ढेकळं, उन्हाळ्यातल्या भेगा, पाणी मुरणं, सगळं त्यावर चालतं. सोडियम आला की तो कॅल्शियमला बाजूला सारतो, कण सुटे होतात आणि ओली माती लापशीसारखी होते, वाळली की दगड. यालाच आपण जमीन चोपण झाली म्हणतो. अकोला, अमरावती, बुलढाण्याकडचा पूर्णेकाठचा खारपाणपट्टा ज्याने पाहिला आहे, त्याला जास्त सांगायला नको.

अमेरिकेतल्या १९५४ च्या प्रसिद्ध पुस्तिकेत मातीच्या एकूण धरून ठेवलेल्या क्षारांत १५ टक्के सोडियम झाला की जमीन बिघडली, असं ठरवलं होतं. तोच आकडा आपल्या पुस्तकांत आला. पण नागपूरला १९७६ साली राष्ट्रीय मृद सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरो झाला आणि तिथल्या शास्त्रज्ञांनी पूर्णा खोऱ्यातल्या काळ्या जमिनी तपासल्या. तिथे ५ टक्क्यांच्या आसपासच पाणी मुरणं घटलेलं दिसलं. म्हणून अहवालात ७-८ टक्के पाहून 'अजून निम्म्यावर आहोत' असं समजू नका.

यात एक फसगत आहे, ती समजून घ्या. उन्हाळ्यात नाल्याचं पाणी देता तेव्हा जमीन फारशी बिघडलेली दिसत नाही, कारण त्या पाण्यातले क्षारच मातीचे कण एकत्र दाबून ठेवतात. मृगाचा पाऊस पडतो आणि क्षार धुवून निघतात. कणांना चिकटलेला सोडियम मात्र मागे राहतो. पावसाच्या गोड पाण्यात कण फुटतात, भोकं बुजतात आणि वाफ्यात पाणी तुंबतं. नेमका तेव्हाच दसऱ्याचा झेंडू वावरात असतो. मुळं गुदमरतात, बुंधा सडतो, खालची पानं पिवळी पडतात. शेतकरी म्हणतो यंदा पाऊस जास्त झाला. शेजारच्या विहिरीच्या पाण्यावरच्या वावरात तेवढाच पाऊस पडलेला असतो, पण तिथे पाणी दुसऱ्या दिवशी ओसरतं. हा फरक धुऱ्यावर उभं राहून पाहण्यासारखा आहे.

सगळी फुलं सारखी सोसत नाहीत. झेंडू आणि निशिगंध क्षार बऱ्यापैकी सहन करतात. शेवंतीला पाण्याचा निचरा लागतो, तो गेला की मर लागते. गुलाब सर्वांत नाजूक. पानांच्या कडा जळाल्यासारख्या होतात. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर लोहाची कमतरता समजा. चुनखडीच्या जमिनीत ही कमतरता असतेच, नाल्याच्या पाण्यातल्या बायकार्बोनेटने ती वाढते. अशा वेळी नुसता युरिया टाकून पान हिरवं होत नाही.

घरच्या घरी एक तपासणी करता येते. वावरातलं हरभऱ्याएवढं वाळलेलं ढेकूळ घ्या. काचेच्या पेल्यात साठवलेलं पावसाचं पाणी घेऊन त्यात अलगद सोडा, ढवळू नका. दोन तासांनी पाहा. ढेकूळ नुसतं पसरलं आणि पाणी निवळ राहिलं, तर सेंद्रिय खत कमी आहे. ढेकळाभोवती दुधासारखं गढूळ वलय दिसलं तर सोडियम आला आहे असं समजा आणि माती प्रयोगशाळेत पाठवा. नळाचं किंवा विहिरीचं पाणी यासाठी चालत नाही, त्यातले क्षार खरं दिसू देत नाहीत.

ज्यांना नाल्याशिवाय दुसरं पाणी नाही त्यांनी काय करावं? पहिलं म्हणजे युरिया थांबवा किंवा निम्म्याहून कमी करा, आणि शेणखत-कंपोस्ट मात्र सोडू नका. विहीर असेल तर एक पाळी विहिरीची, एक नाल्याची, असं करा. रोपं लहान असताना विहिरीचंच द्या. पण आधी विहिरीचंही पाणी तपासा, नाल्याकाठच्या विहिरी खाऱ्या निघतात. फुलं सपाट वाफ्यात न लावता उंच वरंब्यावर किंवा गादीवाफ्यावर लावा आणि वावराच्या उतारावर चर काढा. अहवालात सोडियम निघाला तर जिप्सम सांगतील तेवढं मे महिन्यात टाकून वखराने वरच्या थरात मिसळा, म्हणजे नागपूरचा हजार-अकराशे मिलिमीटर पाऊस सोडियम धुवून नेईल. निचऱ्याला वाट नसेल तर जिप्सम वाया जातं. एखाद्या खरिपात फुलं न लावता ढेंचा पेरून गाडला तर जमिनीला श्वास मिळतो. भाव पाहता हे कठीण आहे, तरी पाच वर्षांत एकदा करून पाहा.

पाणी थेट नाल्यातून वाफ्यात न सोडता आधी खड्ड्यात किंवा तळ्यात साठवा. जागतिक आरोग्य संघटनेने १९८९ साली असं म्हटलं की तळ्यांत आठ-दहा दिवस पाणी थांबलं तर कृमींची अंडी खाली बसतात. एवढी जागा प्रत्येकाकडे नाही, पण जितके दिवस थांबेल तितकं बरं. तळं पिण्याच्या विहिरीपासून दूर असावं, नाहीतर नत्र झिरपून विहिरीत उतरतं. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट लहान बाळाला बाधतं. तोडणीच्या आधी आठवडाभर नाल्याचं पाणी बंद ठेवा. तोडणाऱ्या बायांना गमबूट द्या, हात धुवायला स्वच्छ पाणी आणि साबण बांधावर ठेवा, आणि जंताच्या गोळ्यांसाठी आरोग्य केंद्रात विचारा. मजुरीच्या मानाने हा खर्च थोडा आहे.

आता पुढचं. महाराष्ट्राने पाणी प्रदूषणाचा कायदा १९६९ सालीच केला आणि १९७० साली मंडळ नेमलं. केंद्राचा कायदा १९७४ चा. तरी नाग नदीची घाण कन्हानमार्गे वैनगंगेत आणि १९८८ साली पायाभरणी झालेल्या गोसीखुर्दच्या जलाशयापर्यंत पोचली. भांडेवाडीला शुद्धीकरण केंद्र झालं, वाढलं, आणि पुढे दिवसाला १३ कोटी लिटर क्षमतेच्या प्रकल्पातून शुद्ध केलेलं सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला देण्याची व्यवस्था झाली. वीज केंद्राने धरणाचं पाणी न घेता हे घ्यावं, हे चांगलंच. मात्र ज्या पाण्याला काल कोणी विचारत नव्हतं त्याला आता गिऱ्हाईक मिळालं आहे, आणि काठावरच्या शेतकऱ्याचा त्यात वाटा किती, हे कुठल्या कागदावर यावं अशी मागणी त्याने स्वतःच ग्रामसभेत मांडायला हवी. २०२१ साली केंद्राने नाग नदीच्या सुधारणेचा सुमारे दोन हजार कोटींचा प्रकल्प मंजूर केला, त्यात पिवळी नदीचाही विचार आहे.

तेही पाणी आपल्यापर्यंत आलं तर एक लक्षात ठेवा. शुद्धीकरण केंद्रात घाण, वास, जंतू आणि थोडं नत्र निघतं. विरघळलेलं मीठ आणि सोडियम निघत नाही. पाणी निवळ दिसलं म्हणून तपासणी सोडू नका. नमुना एप्रिलमध्ये घ्या, कारण पावसाळ्यात नाला पातळ झालेला असतो आणि आकडा फसवतो. सकाळच्या धुण्याच्या वेळेचा एक आणि दुपारचा एक, असे दोन नमुने स्वच्छ बाटलीत त्याच पाण्याने तीनदा खळबळून भरा आणि त्याच दिवशी जिल्ह्याच्या माती व पाणी परीक्षण प्रयोगशाळेत द्या. क्षारता ०.७ पर्यंत असेल तर चिंता नाही, ०.७ ते ३ पर्यंत वर सांगितलेली काळजी घ्या, ३ च्या वर गेली तर गुलाब आणि शेवंती त्या पाण्यावर लावू नका. सोबत वरच्या वीतभर थराची माती वावरातल्या आठ-दहा ठिकाणांहून घेऊन, एकत्र करून, सावलीत वाळवून न्या आणि चिठ्ठीवर लिहा की या वावराला नाल्याचं पाणी किती वर्षांपासून दिलं जातं.